वायफायचा पासवर्ड हरवत नाही, तो घरातच असतो

खानदेशात श्रावणातल्या नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते आणि सुरत, पुणे, नाशिककडे पांगलेले भाऊबंद गावच्या घरात गोळा होतात. आत रोटांची गडबड सुरू असते, ओसरीवर पोरं मोबाइल घेऊन बसलेली असतात, आणि त्यांतलं कुणीतरी विचारतंच, ‘जिभाऊ, वायफायना पासवर्ड काय शे?’ जिभाऊंचं उत्तर ठरलेलं: ‘माले काय माहीत भो, तो वायरवाला पोऱ्या टाकी गया.’

जिभाऊ खोटं बोलत नाहीत. फायबरची जोडणी द्यायला आलेल्या मुलाने राऊटर भिंतीला लावला, पासवर्ड टाकला, घरातले दोन-तीन फोन जोडून दिले आणि तो गेला. तेव्हापासून हे फोन घरात शिरले की आपोआप जोडले जातात. टाइप करायची वेळच येत नाही, मग लक्षात राहणार कसा?

पण फोन आपोआप जोडला जातो याचा अर्थच असा की पासवर्ड त्याच्याकडे आहे. राऊटरकडेही आहे. लॅपटॉप असेल तर त्यातही आहे. त्यामुळे विसरलेला वायफाय पासवर्ड ‘फोडावा’ लागत नाही, कुठे पाहायचं ते कळावं लागतं. त्यासाठी वेगळं अ‍ॅप लागत नाही आणि दुकानात पैसे मोजावे लागत नाहीत.

आधी दोन बटणांपासून हात लांब ठेवा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि लाइट हमखास जाते. लाइट आली की राऊटर चालू व्हायला दोन-चार मिनिटं घेतो. तेवढ्या वेळात फोनवर ‘जोडता आलं नाही’ असा संदेश येतो. माणूस वैतागतो, नेटवर्कच्या नावावर दाबतो, समोर ‘फर्गेट’ किंवा मराठी फोनवर ‘विसरा’ असं बटण दिसतं, आणि ‘काढून परत जोडून बघू’ म्हणून तो ते दाबतो. लगेच फोन पुन्हा पासवर्ड मागायला लागतो. मग बोल राऊटरला, की लाइट गेली आणि पासवर्ड उडाला.

राऊटरचा पासवर्ड लाइट गेल्याने उडत नाही. तो वीज नसतानाही टिकणाऱ्या मेमरीत असतो. उडाला तो फोनमधला, आणि तोही आपण बटण दाबलं म्हणून. घरात त्या वायफायला जोडलेला एकच फोन उरला असेल तर त्यावर हे बटण चुकूनही दाबू नका. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क सेटिंग्ज रीसेट करा’ असाही एक पर्याय असतो. तो तर साठवलेली सगळीच नेटवर्कं एका फटक्यात पुसतो.

दुसरं बटण राऊटरच्या मागे असतं. बारीक भोक, आत दडलेलं रीसेटचं बटण. टाचणी घालून दहा सेकंद दाबा, सगळं ठीक होईल, असं कुणीतरी सांगतंच. ते कधी दाबायचं ते पुढे येतं. आत्ता नको.

अँड्रॉइडवर: तुमचाच फोन सांगतो

अँड्रॉइडची दहावी आवृत्ती २०१९ साली आली आणि तिच्यापासून ही सोय फोनमध्येच आहे. त्यानंतर घेतलेला फोन असेल तर बहुतेक काम इथेच संपतं.

सेटिंग्जमध्ये जा, वायफाय उघडा. जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर किंवा नावासमोरच्या छोट्या चिन्हावर दाबा. चिन्ह कंपनीगणिक बदलतं: सॅमसंगवर दातेरी चाक, काही फोनवर बाण, काहींवर गोलातला इंग्रजी ‘आय’. रेडमी, पोकोवर जोडलेल्या नावावर नुसतं टॅप केलं तरी चालतं. पुढच्या पानावर ‘शेअर’ किंवा ‘क्यूआर कोड’ असं बटण दिसेल. ते दाबल्यावर फोन बोटाचा ठसा किंवा स्क्रीन लॉकचा पिन मागतो. हे बरंच आहे, नाहीतर टेबलावर पडलेला कुणाचाही फोन उचलून त्याच्या घरचा पासवर्ड काढता आला असता. लॉक उघडलं की पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा कोड येतो, आणि बऱ्याच फोनवर त्याच्या खाली पासवर्ड अक्षरांत लिहिलेला असतो. कागदावर उतरवून घ्या.

नुसता दुसरा फोन जोडायचा असेल तर अक्षरं लागतच नाहीत. दुसऱ्या फोनचा कॅमेरा कोडावर धरायचा, ‘जोडा’ म्हणायचं, झालं. कानबाईला आलेल्या पोरांचं काम एवढ्यात भागतं. अक्षरं लागतात ती टीव्ही, दारावरचा कॅमेरा, बिल काढायचा कॉम्प्युटर अशा वस्तूंसाठी, ज्यांना कोड वाचता येत नाही.

काही फोन कोड दाखवतात, पण खाली अक्षरं लिहीत नाहीत. तेव्हा त्या कोडाचा स्क्रीनशॉट काढा आणि त्याच फोनवर गुगल लेन्सने किंवा फोटोंच्या अ‍ॅपमधल्या लेन्सच्या चिन्हाने तो वाचा. स्क्रीनशॉट निघत नसेल तर दुसऱ्या फोनने फोटो घ्या. कोडात कुठलीही गुप्त भाषा नाही, एक साधी ओळ आहे. सुरुवातीला इंग्रजीत ‘वायफाय’ असं लिहिलेलं असतं. मग ‘एस’ हे अक्षर, दोन टिंबं आणि नेटवर्कचं नाव. ‘टी’ आणि दोन टिंबांनंतर सुरक्षेचा प्रकार, बहुतेक ‘डब्ल्यूपीए’. आणि ‘पी’ आणि दोन टिंबांनंतर पासवर्ड. प्रत्येक भाग अर्धविरामाने संपतो, क्रम मात्र मागेपुढे होऊ शकतो. आपल्याला हवा आहे तो ‘पी’पासून पुढच्या अर्धविरामापर्यंतचा तुकडा.

यात एक बारीक खोच आहे. समजा पासवर्ड ठेवताना कुणीतरी ‘रावेर’ असं इंग्रजीत लिहून पुढे अर्धविराम आणि मग आकडे टाकले. आता पासवर्डातला अर्धविराम कोणता आणि भाग संपल्याचा कोणता, हे यंत्राला कळणार कसं? म्हणून कोड बनवताना पासवर्डातल्या अशा चिन्हाच्या आधी एक उलटी तिरकी रेघ घातली जाते. कोड वाचल्यावर ती रेघ तुम्हाला दिसेल, पण ती पासवर्डाचा भाग नाही. टीव्हीवर टाइप करताना ती गाळायची. दोन टिंबं, स्वल्पविराम आणि खुद्द ती तिरकी रेघ यांच्या बाबतीतही हेच.

पासवर्ड कोडात असा उघडा असतो, हे लक्षात आलं असेलच. म्हणून तो स्क्रीनशॉट गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका आणि ‘ऑनलाइन क्यूआर वाचा’ म्हणणाऱ्या कुठल्यातरी साइटवर चढवू नका. काम झालं की गॅलरीतूनही काढून टाका.

अँड्रॉइड दहाच्या आधीचा फोन असेल तर ही सोय बहुधा मिळणार नाही. तिथे पासवर्ड फोनच्या आतल्या एका फाइलमध्ये असतो आणि ती उघडायला फोन ‘रूट’ करावा लागतो, म्हणजे कंपनीने घातलेली बंधनं काढून त्याचा पूर्ण ताबा घ्यावा लागतो. एका पासवर्डासाठी तो उद्योग करू नये. त्यात फोनचा डेटा जाऊ शकतो, बँकेची अ‍ॅपं चालेनाशी होतात. जुना फोन असेल तर राऊटरचा रस्ता सोपा आहे, तो पुढे सांगतो.

आयफोनवर

आयफोनवर वर्षानुवर्षं हे करता येत नव्हतं. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या आयओएस १६ पासून येतं. सेटिंग्ज, वायफाय, नावासमोरचा गोलातला ‘आय’, मग ‘पासवर्ड’ या ओळीवर टॅप. चेहरा किंवा बोट दाखवलं की ठिपक्यांच्या जागी अक्षरं दिसतात. २०२४ च्या आयओएस १८ मध्ये तर ‘पासवर्ड्स’ नावाचं वेगळं अ‍ॅपच आलं आणि त्यात वायफायचा स्वतंत्र कप्पा आहे. दोघांकडेही आयफोन असतील आणि एकमेकांच्या संपर्कयादीत दोघांचे अ‍ॅपल खात्याचे ईमेल असतील, तर फोन जवळ आणल्यावर ‘पासवर्ड द्यायचा का’ असं तो आपणहून विचारतो. ब्लूटूथ चालू लागतं. आमच्याकडे मात्र संपर्कयादीत ईमेल टाकून ठेवणारा माणूस शोधूनच काढावा लागेल.

घरात कुणाकडेच नसेल तर सुरतला फोन लावा

हा उपाय फार थोड्यांना सुचतो. फोन नेटवर्कपासून लांब गेला म्हणून त्याचा पासवर्ड विसरत नाही. दिवाळीला किंवा आखाजीला घरी येऊन तुमच्या वायफायला जोडून गेलेला पुतण्या आज उधन्यात बसला असेल, तरी त्याच्या फोनमध्ये तुमच्या घरचा पासवर्ड आहे.

त्याला सांगायचं: वायफायच्या सेटिंग्जमध्ये ‘सेव्ह केलेली नेटवर्क’ अशी यादी शोध. सॅमसंगवर ती वायफायच्या पानावर वरच्या तीन ठिपक्यांच्या आत, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये असते. त्या यादीत घरच्या नेटवर्कचं नाव उघड आणि शेअर दाब. आयफोन असेल तर वायफायच्या पानावर वर कोपऱ्यात ‘एडिट’ आहे, तिथून जुन्या नेटवर्कांची सगळी यादी निघते. काही कंपन्यांचे अँड्रॉइड फोन फक्त सध्या जोडलेल्या नेटवर्कचाच कोड दाखवतात, तिथे हे चालणार नाही. पण घरातून बाहेर गेलेली चार-पाच पोरं असली तर एकाचा तरी फोन कामाला येतो.

अट एकच. तो येऊन गेल्यानंतर पासवर्ड बदललेला नसावा.

नवा फोन घेताना जुन्याचा बॅकअप गुगल खात्यातून उचलला असेल, तर साठवलेली वायफाय नेटवर्कंही बहुधा त्यासोबत येतात. म्हणून ‘नवीन फोनमध्ये कधी टाकलाच नाही’ असं वाटत असलं तरी यादी एकदा बघाच.

लॅपटॉप, आणि राऊटरचं पान

विंडोजचा लॅपटॉप वायफायला जोडलेला असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये ‘नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर’ उघडा. तिथे वायफायच्या नावावर क्लिक केल्यावर छोटी खिडकी येते. त्यात ‘वायरलेस प्रॉपर्टीज’, मग ‘सिक्युरिटी’, आणि ‘शो कॅरेक्टर्स’च्या चौकटीत खूण. पासवर्ड समोर. जुन्या विंडोजपासून हे असंच चालत आलंय.

राऊटरकडे जाण्याआधी एक गोंधळ मिटवायला हवा, कारण लोक इथेच अडकतात. एका जोडणीत तीन वेगवेगळे पासवर्ड असतात. पहिला वायफायचा, जो पाहुणे मागतात. दुसरा राऊटरच्या पानाचा, म्हणजे राऊटरची सेटिंग्ज उघडायचा. तिसरा इंटरनेट कंपनीने दिलेला, जो राऊटर स्वतः कंपनीच्या यंत्रणेला सांगतो आणि मग आपल्याला इंटरनेट मिळतं. हा तिसरा ग्राहकाला अनेकदा माहीतच नसतो, जोडणी देणारा मुलगा परस्पर टाकून जातो. कॉल सेंटरला ‘पासवर्ड विसरलो’ एवढंच सांगितलं की समोरचा तिन्हींपैकी कुठलाही धरतो आणि अर्धा तास जातो. ‘वायफायचा पासवर्ड’ असं स्पष्ट म्हणा.

आता राऊटर उलटा करा. खाली किंवा मागे स्टिकर असतो. त्यावर कारखान्यातून आलेलं नेटवर्कचं नाव आणि वायफायचा पासवर्ड छापलेला असतो, आणि राऊटरच्या पानाचा पत्ता व पासवर्डही. तुमच्या फोनवर दिसणारं नेटवर्कचं नाव आणि स्टिकरवरचं नाव एकच असेल, तर पासवर्डही बहुधा कुणी बदललेला नाही. तो टाकून बघा. नाव बदललेलं असेल तर पासवर्डही बदललेला आहे असं समजा.

मग राऊटरचं पान उघडा. त्यासाठी त्या वायफायला जोडलेला एक तरी फोन हवा, किंवा लॅपटॉप वायरने राऊटरला जोडलेला. फोनवर नेटवर्कच्या तपशिलात ‘गेटवे’ अशी ओळ असते आणि तिच्यासमोर चार आकड्यांचा पत्ता. बऱ्याच राऊटरवर तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओच्या डब्यावर १९२.१६८.२९.१. हा पत्ता इंग्रजी आकड्यांत ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाका, गुगलच्या शोधचौकटीत नको. स्टिकरवरचं नाव आणि पासवर्ड टाकून आत जा, ‘वायरलेस’ किंवा ‘डब्ल्यूलॅन’ विभाग उघडा. तिथे पासवर्ड दिसतो. नाही दिसला तरी नवा टाकता येतो, आणि तेही चालतं. मोठ्या कंपन्यांची जोडणी असेल तर त्यांच्या मोबाइल अ‍ॅपमधूनही वायफायचा पासवर्ड बदलता येतो, राऊटरच्या पानावर जायचीही गरज नाही.

टीव्हीसारखी एखादीच वस्तू जोडायची असेल तर राऊटरवर ‘डब्ल्यूपीएस’ लिहिलेलं बटण आहे का बघा. ते दाबून दोन मिनिटांच्या आत टीव्हीवर तोच पर्याय निवडला की पासवर्ड न टाकता जोडणी होते. फोनसाठी हा रस्ता आता बंद आहे. अँड्रॉइडने नवव्या आवृत्तीपासून तो काढून टाकला आणि आयफोनवर तो कधीच नव्हता.

आता ते भोक

कुठलाच फोन जोडलेला नाही, स्टिकरवरचा पासवर्ड चालत नाही, अ‍ॅप नाही, राऊटरच्या पानाचाही पासवर्ड चालत नाही. आता रीसेट. पण आधी जोडणी देणाऱ्याला फोन करा आणि एकच प्रश्न विचारा: ‘रीसेट मारला तर इंटरनेट आपोआप परत सुरू होतं का, की तुम्हाला काही टाकावं लागतं?’

कारण रीसेटने वायफायचा पासवर्ड स्टिकरवरच्यासारखा होतो हे खरं, पण त्याबरोबर तो तिसरा पासवर्डही पुसला जातो. काही कंपन्यांचे डबे रीसेटनंतर सगळं वरून पुन्हा उतरवून घेतात. पण गावोगावच्या केबलवाल्यांकडून आलेल्या जोडण्यांत बहुतेक वेळा तो हातानेच टाकावा लागतो. शनिवारी संध्याकाळी रीसेट दाबलं आणि केबलवाला लग्नाला गेलेला असला, तर सोमवारपर्यंत वायफाय जोडलेलं दिसेल आणि इंटरनेट मात्र नसेल.

रीसेटनंतर नवं नाव, नवा पासवर्ड द्यायच्या भानगडीत न पडता, जुना पासवर्ड मागाहून आठवला किंवा कुणाकडून मिळाला तर नाव आणि पासवर्ड दोन्ही अगदी पूर्वीसारखेच टाका. अक्षरन् अक्षर तेच, लहान-मोठी अक्षरंही तीच. घरातले फोन, टीव्ही, कॅमेरे सगळे काही न विचारता पुन्हा जोडले जातील. त्यांना राऊटर बदलला की रीसेट झाला याच्याशी देणंघेणं नसतं, नाव आणि पासवर्ड जुळला की झालं. शेतातल्या खांबावरचा कॅमेरा उतरवून पुन्हा जोडायचा ताप ज्याने काढलाय, त्याला याची किंमत कळेल.

‘वायफाय हॅकर’ अ‍ॅप का चालत नाही

हे सगळं वाचण्याऐवजी पुष्कळ जण सरळ अ‍ॅप उतरवतात. ‘कुठलाही वायफाय पासवर्ड एका क्लिकवर.’ असं का होऊ शकत नाही, हे कळलं की मोह आपोआप सुटतो.

फोन राऊटरला जोडला जाताना पासवर्ड हवेतून जातच नाही. २००४ पासून चालत आलेल्या डब्ल्यूपीए२ पद्धतीत आधी पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र करून ते ४०९६ वेळा एका गणिती प्रक्रियेतून काढलं जातं आणि २५६ बिटांची किल्ली तयार होते. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून कळणा केला की त्यातून ज्वारी वेगळी काढता येत नाही, तसं या किल्लीवरून मागे पासवर्डाकडे जाता येत नाही. ही किल्लीसुद्धा हवेत सोडली जात नाही. फोन आणि राऊटर एकमेकांना एकेक यादृच्छिक आकडा पाठवतात, त्यावर किल्ली वापरून उत्तर काढतात आणि उत्तरं जुळतात का ते बघतात. चार संदेशांत काम आटोपतं. शेजारच्या खोलीत बसलेल्या फोनच्या हाती यातून पासवर्ड लागत नाही.

हल्लेखोराला एकच गोष्ट करता येते: ते चार संदेश टिपून घ्यायचे, आणि आपल्या कॉम्प्युटरवर एकेक अंदाज दळून उत्तर जुळतं का ते पाहत बसायचं. साध्या फोनचं अ‍ॅप हे करू शकत नाही, पण जाणकार माणूस करू शकतो. २०१८ साली आलेल्या डब्ल्यूपीए३ मध्ये हा अंदाजाचा खेळही बंद केला आहे, मात्र घरोघरचे जुने राऊटर अजून डब्ल्यूपीए२ वरच आहेत.

याच हिशोबाने आपल्याकडची एक लाडकी सवय बघा. बाजारपेठेतल्या दुकानांत वायफायचा पासवर्ड म्हणून मालकाचा मोबाइल नंबर ठेवायची पद्धत आहे. दहा आकडी, म्हणजे भक्कम वाटतो. भारतातले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी शक्यता. चांगल्या ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला काही लाख अंदाज तपासता येतात. पाच लाख धरले तरी ८००० सेकंद, म्हणजे सव्वादोन तासांत सगळे नंबर संपतात. आणि इतकं कशाला करायचं? नंबर दुकानाच्या पाटीवर हातभर अक्षरांत रंगवलेला आहेच.

मग ती अ‍ॅपं करतात काय? काही नुसत्या जाहिराती दाखवतात. काही राऊटरच्या नेहमीच्या छापील पासवर्डांची यादी वापरून बघतात. काही २०११ साली उघड झालेल्या डब्ल्यूपीएसच्या खोटीवर चालायची. त्या पद्धतीतला आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जायचा, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडायचा. नंतरच्या राऊटरांनी ते बंद केलं. आणि काही ‘फुकट वायफाय’ अ‍ॅपं याहून वाईट: ती वापरणाऱ्यांचेच पासवर्ड आपल्या सर्व्हरवर नेऊन इतरांना वाटतात. म्हणजे शेजाऱ्याचा पासवर्ड मिळवायला अ‍ॅप टाकलं आणि स्वतःच्या घरचा देऊन बसलात.

शेजाऱ्याचा पासवर्ड त्याला न विचारता वापरणं हा गुन्हाही आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली अशा विनापरवाना प्रवेशाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अशा एखाद्या अ‍ॅपने खात्यातले पैसेच उडवले तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा, बँकेच्या शाखेत जायची वाट पाहू नका.

पासवर्ड बरोबर, तरी जोडत नाही

पासवर्ड सापडला, टाकला, आणि फोन म्हणतो चूक. अशा वेळी आधी कीबोर्ड बघा. मराठी कीबोर्ड चालू असेल तर आकडे देवनागरी पडतात. आपल्याला देवनागरी सात आणि इंग्रजी सात सारखेच, पण कॉम्प्युटरसाठी ती दोन वेगळी अक्षरं आहेत, आणि वायफायच्या पासवर्डात इंग्रजी अक्षरं, इंग्रजी आकडे आणि साधी चिन्हंच धरली जातात. पासवर्डाच्या चौकटीतलं डोळ्याचं चिन्ह दाबून काय टाइप होतंय ते बघत टाका. शून्य आणि ‘ओ’, एक आणि छोटा ‘एल’ यांची गल्लत कागदावर उतरवतानाच होते. चॅटमधून कॉपी करून चिकटवलं असेल तर शेवटी एखादी रिकामी जागा आली आहे का तेही बघा. आणि आठ अक्षरांपेक्षा कमी असेल तर तो डब्ल्यूपीए२ चा पासवर्ड असूच शकत नाही, उतरवताना काहीतरी गळलंय.

‘जोडलेलं आहे, इंटरनेट नाही’ असं दिसत असेल तर पासवर्ड बरोबर आहे. रिचार्ज संपला असेल किंवा वायर तुटली असेल.

नेटवर्कचं नावच दिसत नसेल तर बहुधा ते वायफायच्या दोन लहरींपैकी पाच गिगाहर्ट्झच्या लहरीवर आहे आणि तुमचा जुना फोन किंवा कॅमेरा फक्त २.४ चं ऐकतो. राऊटरमध्ये २.४ चालू करा. क्वचित असंही होतं की राऊटरमध्ये ठरावीक यंत्रांनाच, त्यांच्या ‘मॅक’ पत्त्यावरून म्हणजे यंत्राच्या ओळखक्रमांकावरून, परवानगी दिलेली असते. अँड्रॉइड दहापासूनचे फोन प्रत्येक नेटवर्कला आपला हा खरा पत्ता न देता बनवलेला पत्ता देतात. मग पासवर्ड बरोबर असूनही राऊटर ओळख देत नाही. फोनच्या नेटवर्क तपशिलात ‘प्रायव्हसी’ या ओळीत जाऊन फोनचाच मूळ पत्ता वापरायला सांगा.

कॉलेजच्या नेटवर्कला, जिथे पासवर्डासोबत प्रत्येकाचं वेगळं नाव टाकावं लागतं, यातलं काही लागू नाही. तिथे शेअरचं बटण येत नाही, कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागातच जावं लागतं. रेल्वे स्थानकावरच्या वायफायला मोबाइलवर आलेला ओटीपी लागतो, तिथे विसरण्यासारखा पासवर्डच नसतो.

दुकान, गिरणी, क्लास असेल आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वायफाय द्यायचं असेल, तर राऊटरच्या पानावर ‘गेस्ट नेटवर्क’ शोधा. वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, आणि त्यावर जोडलेल्या फोनला तुमचा बिलाचा कॉम्प्युटर किंवा सीसीटीव्ही दिसत नाही. क्यूआर कोड छापून गल्ल्याजवळ चिकटवायचा तर तो या नेटवर्कचा. मुख्य नेटवर्कचा पासवर्ड चार-पाच असंबद्ध शब्द जोडून केलेला ठेवा, केळी-रुळ-चिंच-बुधवार अशा धाटणीचा, इंग्रजी लिपीत आणि सगळी अक्षरं लहान. टीव्हीच्या रिमोटने टाकायलाही तो सोपा जातो. राऊटरच्या स्टिकरशेजारी लिहून ठेवला तरी घरात हरकत नाही, दुकानात मात्र वहीत.